लूपची उंची आणि रुळांमधले अंतर

धातूच्या दोन सळ्यांच्या रुळावरून गोळी घरंगळवताना लूप, म्हणजे रुळाचा उभा गोल वळसा, ठेवला, तर त्याच्या तळापासून त्रिज्येच्या अडीच पट उंचीवरून सोडूनही गोळी माथ्यावर रूळ सोडते, अशी अडचण येते. अडीच पटीचे सूत्र घर्षणाशिवाय घसरणाऱ्या वस्तूचे आहे. गोळी घरंगळते, तिच्या ऊर्जेचा काही भाग फिरण्यात जातो, त्यामुळे सपाट पृष्ठभागावरसुद्धा किमान उंची २.७ पट लागते. दोन सळ्यांच्या रुळावर तर गोळी मधे खाली बसते आणि तेवढ्याच वेगासाठी तिला अधिक जोरात फिरावे लागते; १६ मिमी व्यासाच्या पोलादी गोळीचे स्पर्शबिंदू एकमेकांपासून १२ मिमीवर असतील, तर ही उंची जवळजवळ ३ पट होते, आणि यात घर्षण अजून धरलेलेच नाही. म्हणून माझ्या मते साडेतीन पट उंची ठेवावी, किंवा उतारावर आणि लूपमध्ये रूळ थोडे जवळ आणावेत.

रूळ जोडणारे आडवे तुकडे गोळीच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे लूपमध्ये बाहेरूनच, जोडावेत. डाग देताना (सोल्डरिंग करताना) आत उतरलेला वितळलेल्या धातूचा लहानसा थेंबही गोळी उडवतो. नख फिरवल्यावर तो जाणवेनासा होईपर्यंत कानशीने घासावा.