०.१ मिमीच्या इनॅमल तारेचा जॉइंट टिकत नाहीये

कॉइलवेडा:
छोटी कॉइल गुंडाळलीय, साधारण २० मीटर इनॅमल तार (वर इन्सुलेशनचा पातळ थर असलेली तांब्याची), पण टोकं पिनवर सोल्डर केली की मल्टीमीटर कधी ४४ ओहम दाखवतं कधी एकदम ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, तार जरा हलवली की परत येतं. ब्लेडने खरवडूनच सोल्डर केलंय. अजून काय करायला हवं?

तांबेतार:
४४ बरोबरच आहे, या जाडीला दर मीटर लांबीला साधारण २.२ ओहम पडतात, म्हणजे कॉइल आतून ठीक आहे, गडबड टोकांनाच. आधी ब्लेड बंद करा. एवढ्या बारीक तारेवर ब्लेडने खाच पडते आणि ती तिथेच तुटते, शिवाय उलट्या बाजूचं इनॅमल तसंच राहतं. तार पॉलीयुरेथेन कोटिंगची असेल तर खरवडायची गरजच नाही, सोल्डरिंगची इस्त्री ३८०-४०० डिग्रीला ठेवा, टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब घ्या आणि तार त्या थेंबातून हळू ओढा, कोटिंग जळून तार चकचकीत झाली की कल्हई बसली समजा. धूर नाकात जाऊ देऊ नका, तो खरंच घातक असतो, खिडकी उघडी हवीच.

जुनी_इस्त्री:
वरचं पटलं पण जास्त वेळ थेंबात ठेवू नका, वितळलेलं कथील तांबं खातं, बारीक तार बारीक होत होत गायबच होते, लेड-फ्री (शिसं नसलेल्या) सोल्डरमध्ये तर अजून लवकर. शक्य असेल तर ६०/४० (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) सोल्डर वापरा. कोटिंग जळतच नसेल तर ती जास्त तापमानाची मोटरवाली तार असणार, मग बारीक पॉलिशपेपर दुमडून त्यात टोक धरायचं आणि फिरवत फिरवत ओढायचं, जोर नको.

कॉइलवेडा:
थेंबाने कोटिंग जळलं! आता ४४ स्थिर आहे. पण हात लागला की पिनजवळ तुटेल का?

तांबेतार:
तुटेल, ताणून ठेवली असेल तर. सोल्डर जिथं संपतं बरोबर तिथंच तार कडक होऊन मोडते. म्हणून शेवटचे ५-६ सेमी दुमडून तिपदरी पीळ द्या, तो पीळ पिनला ३-४ वेढे घालून मग सोल्डर करा, आणि एकेरी तार सुरू होते तिथं थोडी ढील सोडून वार्निश किंवा इपॉक्सीचा ठिपका लावा. फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावतात ते) अॅसिडचं अजिबात नको, रोझिनचंच (राळेचं) वापरा, अॅसिड मागे राहिलं की काही महिन्यांनी तार हिरवी पडून तुटते आणि तोवर कॉइल आत बंद झालेली असते.