कीबोर्डवाल्या हँडहेल्डवर मेन्यूचे शॉर्टकट लागत नाहीत (अँड्रॉइड, अॅपकॉम्पॅट ही सहायक लायब्ररी)

गोदामकोड:
स्टॉक मोजणीचं अॅप आहे. हँडहेल्डला (हातात धरायच्या यंत्राला) बटणांचा क्वर्टी, म्हणजे पूर्ण अक्षरांचा कीबोर्ड आहे, वर एफ१ ते एफ४. मेन्यू टूलबारवर इन्फ्लेटमेन्यूने चढवलाय, सेटसपोर्टअॅक्शनबार (टूलबारला स्क्रीनचा अधिकृत अॅक्शनबार बनवणारी आज्ञा) वापरलेलं नाही. ‘सेव्ह’ला अल्फाबेटिकशॉर्टकट (अक्षराचा शॉर्टकट) एस दिलाय. ‘सगळं पाठवा’लाही एसच, पण अँड्रॉइड:अल्फाबेटिकमॉडिफायर्समध्ये (अक्षरासोबत धरायच्या कीजमध्ये) कंट्रोल आणि शिफ्ट. स्क्रीनवर बोटाने दोन्ही चालतात, कीबोर्डवरून एकही नाही. शिवाय एफ२ने ‘सेव्ह’ व्हायला हवं, ते कुठे लिहू?

कीमॅप:
तुमचा टूलबार अॅक्टिव्हिटीचा (म्हणजे त्या स्क्रीनचा) अॅक्शनबार नाही, म्हणून शॉर्टकट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. एक तर सेटसपोर्टअॅक्शनबार करून मेन्यू ऑनक्रिएटऑप्शन्समेन्यूत हलवा, नाही तर अॅक्टिव्हिटीत ऑनकीशॉर्टकट ओव्हरराइड करून टूलबारच्या मेन्यूवर परफॉर्मशॉर्टकट(कीकोड, इव्हेंट, ०) बोलवा. दुसऱ्या वाटेने गेलात तर त्याआधी सेटक्वर्टीमोड(ट्रू) हवंच. ते मुळात फॉल्स असतं आणि तोवर मेन्यू फक्त न्यूमेरिकशॉर्टकट (आकड्यांचे शॉर्टकट) तपासतो; एस कितीही दाबा, जुळणार नाही. नुसत्या आकड्यांचा कीपॅड असलेलं मॉडेलही चालवायचं असेल तर ट्रू ठोकून न देता कीकॅरॅक्टरमॅपच्या कीबोर्डटाइपवरून ठरवा.

आधी डिस्पॅचकीइव्हेंटमध्ये कीकोड (कीचा क्रमांक) आणि मेटास्टेट (कंट्रोल, शिफ्ट यांपैकी काय दाबलंय ते सांगणारा आकडा) लॉग करा. डावा कंट्रोल धरून एस दाबल्यावर ४७ आणि १२२८८ दिसायला हवेत. मेटास्टेट ० आला तर उत्पादकाने ते बटण भलत्याच कीला जोडलंय. मग मेन्यूत चूक शोधण्यात अर्थ नाही.

एक्सएमएलप्रेमी:
कंट्रोल-शिफ्ट-एसची अडचण वेगळी. अॅपकॉम्पॅटचा इन्फ्लेटर (एक्सएमएलमधून मेन्यू उभा करणारा भाग) मॉडिफायर्स फक्त ‘अॅप:’ नेमस्पेसमधून (नावाआधीच्या या उपसर्गातून) वाचतो. ‘अँड्रॉइड:’ लिहिलेलं तो मुकाट्याने सोडून देतो आणि नुसता कंट्रोल धरतो. मॉडिफायर तंतोतंत जुळावे लागतात, त्यामुळे शिफ्ट दाबल्यावर काहीच होत नाही. शॉर्टकटचं अक्षर मात्र ‘अँड्रॉइड:’मध्येच ठेवा.

एफ२ शॉर्टकट म्हणून देताच येत नाही, तिथे एकच अक्षर चालतं. ऑनकीडाउनमध्ये कीकोड १३२ पकडा, रिपीटकाउंट (बटण धरून ठेवल्याने की किती वेळा पुन्हा आली ते) ० असेल तरच मेन्यूवर परफॉर्मआयडेंटिफायरअॅक्शन बोलवा. रिपीटकाउंट विसरलात तर बटण दाबून धरल्यावर एकच नोंद अनेकदा सेव्ह होते, आणि मोजणीच्या अॅपमध्ये ते घातक आहे.

गोदामकोड:
तिन्ही लागले, आभार. आता कंट्रोल-डीने ‘नोंद पुसा’ चालतंय, तेही सेटव्हिजिबल(फॉल्स) केलेलं असताना!

कीमॅप:
अँड्रॉइडचं ते ठरलेलं वागणं आहे. लपवलेला आयटम शॉर्टकटने चालतोच, सेटएनेबल्ड(फॉल्स)ही करा. पुसण्यासारख्या कामाला मी शॉर्टकट देणारच नाही, हातमोजे घालून काम करणाऱ्यांचं बोट शेजारच्या बटणावर सहज पडतं. आणि ए, सी, व्ही, एक्स, झेड मोकळे सोडा. फोकस एडिटटेक्स्टमध्ये (मजकूर लिहायच्या चौकटीत) असताना कंट्रोलसोबतची ही अक्षरं तोच घेतो, तुमच्या मेन्यूला मिळतीलच असं नाही.