अनुभव धागा: अपुरी झोप – ‘मला सवय आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

प्रौढांना रोज किमान सात तास झोप लागते, दहावी-बारावीच्या मुलांना आठ ते दहा. कमी झोपेवर चालणाऱ्यांशी ज्यांचा कामामुळे संबंध येतो, त्यांनी नेमकं लिहावं: काय बिघडतं, कशावरून ओळखायचं?

शिफ्टच्या गाड्यांचं नियोजन, हिंजवडी
सलग १७ तास जागरण झालं की रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी प्रतिक्रिया मंदावते. गाडी चालवताना आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे! एक्स्प्रेसवेवर ताशी १०० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी ८३ मीटर आपोआप जाते. मागचे दोन किलोमीटर आठवत नसतील किंवा लेन सुटत असेल, तर फूड मॉलला थांबाच. काच खाली करून, गाणी लावून भागत नाही. कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून झोपा. कॉफीचा असर यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठल्यावर डोकं जड राहतं, तेव्हा चाक लगेच हातात घेऊ नका.

अभ्यासिका, सदाशिव पेठ
वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते बरंचसं झोपेत. संध्याकाळी सातच्या चहातलं निम्मं कॅफिन मध्यरात्रीही अंगात असतं. उत्तरपत्रिकेत गोल भलत्याच ओळीत रंगवले जायला लागले, की जागरणाचा हिशोब बघा.

आहारतज्ज्ञ, कोथरूड
झोप कमी पडली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. मग भरपेट जेवूनही फरसाण, गोड हवंसं वाटतं. १९९९ मध्ये शिकागोत निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तेवढ्यात त्यांची साखर पचवण्याची क्षमता खालावली. मधुमेहींनी साखरेच्या नोंदवहीत झोपेचे तासही लिहावेत.

स्लीप लॅब तंत्रज्ञ
‘सवय’ हाच मोठा धोका. २००३ च्या एका प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास झोपलेल्यांचं लक्ष एक-दोन रात्री सलग जागलेल्यांइतकं ढासळलं होतं, आणि त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच पेंग जाणवत होती. म्हणून स्वतःला विचारू नका, घरच्यांना विचारा: घोरता घोरता श्वास थांबतो का, दचकून जाग येते का? तसं असेल तर तो स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो, मग आठ तास झोपूनही भागणार नाही. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडकणं किंवा उथळ होणं तासाला पाचपेक्षा अधिक वेळा झालं तर उपचारांचा विचार होतो. तीसच्या वर गेलं तर आजार तीव्र.

लॅबमध्ये झोपेच्या तपासणीला येताना डोक्याला तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत आणि रात्रभराची नोंद वाया जाते. त्या दिवशी दुपारची झोप आणि दुपारनंतरचा चहाही टाळा. रोजच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.