डॅशबोर्ड दुसऱ्या महिन्यानंतरही वापरात राहावा म्हणून काय करावं? सल्ला हवा

अंबड_एमआयएस
अंबड एमआयडीसीतला प्रेस शॉप (प्रेसवर भाग दाबून काढणारा विभाग), तीन शिफ्ट. ईआरपीचा (कारखान्याच्या नोंदी सांभाळणारी सिस्टीम) डेटा आवारातल्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर, तिथून गेटवेने (आवारातला डेटा क्लाउडला जोडणारा दुवा) पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड साधनात. प्रो लायसन्स ४०. सुरुवातीला सगळे उघडायचे, आता रोज उघडणारे आठ-नऊ. बाकीचे परत एक्सेल आणि रजिस्टरवर. ट्रेनिंग दोनदा झालं. वरून ‘सक्ती करा’ चाललंय. करावी का?

आकडेमोड
नको. सक्ती केली की लोक सकाळी एकदा उघडून ठेवतात आणि निर्णय एक्सेलवरच घेतात. तिसरं ट्रेनिंगही नको, स्क्रीन त्यांना कळलेली आहे.

भट्टाचार्जी यांनी २००१ साली ‘एमआयएस क्वार्टरली’ या संशोधनपत्रिकेत मांडलेलं मॉडेल इथे उपयोगी पडेल. मनात धरलेली अपेक्षा वापरताना खरी ठरली की समाधान वाटतं आणि उपयोगही पटतो. पुढे वापरत राहायचं की सोडायचं हे त्यावर ठरतं. त्यांचा अभ्यास ऑनलाइन बँकिंगच्या ग्राहकांवर होता. कारखान्यात साहेबांची नजर असते, तेवढा फरक धरा.

पॉवर बीआयच्या युसेज मेट्रिक्स रिपोर्टमध्ये कुणी किती उघडलं हे मागच्या ३० दिवसांचं दिसतं. नावं दिसत नसतील तर ॲडमिनकडून ते सेटिंग चालू करून घ्या. ज्यांनी सोडलं त्यांच्याकडे जाऊन एकच विचारा: शेवटचं उघडलंत ते कोणता आकडा बघायला, आणि तो तुमच्या रजिस्टरशी जुळला का?

थर्ड_शिफ्ट
प्रेस शॉपमध्ये न जुळण्याची दोन ठिकाणं हमखास असतात.

पहिलं, तारीख. थर्ड शिफ्ट रात्री ११ ते सकाळी ७ असेल तर रात्री १२ नंतरचे नग रजिस्टरात आदल्या दिवशी पडतात, सिस्टीममध्ये दुसऱ्या दिवशी. एंट्रीच्या वेळेतून ७ तास वजा करून ‘उत्पादन दिनांक’ हा वेगळा कॉलम करा आणि सगळे रिपोर्ट त्यावरच चालवा. त्यात आणखी एक खोच आहे. पॉवर बीआय सर्व्हिसचं (क्लाउडवरचा भाग) घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर चालतं, त्यामुळे ‘आज’चं फंक्शन आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत कालची तारीख देतं. आपल्या पीसीवरच्या डेस्कटॉप ॲपमध्ये तपासताना हे दिसतच नाही, पब्लिश केल्यावर दिसतं. चालू उत्पादन दिनांक काढायला यूटीसी वेळेतून दीड तास वजा करा: साडेपाच मिळवायचे, सात काढायचे, हिशेब तोच.

दुसरं, रिजेक्शनची व्याख्या. समजा ४,८०० नग निघाले, ९६ बाजूला काढले, त्यातले ६० रीवर्क (दुरुस्ती) होऊन ओके झाले. क्वालिटीवाला २ टक्के म्हणेल, प्रॉडक्शनवाला ०.७५. दोघांचंही बरोबर आहे, पण स्क्रीनवर नुसतं ‘रिजेक्शन’ लिहिलं असेल तर ज्याचा आकडा नाही तो त्या दिवशीच डॅशबोर्ड सोडतो. ‘पहिल्या तपासणीतलं रिजेक्शन’ आणि ‘अंतिम स्क्रॅप’ असे दोन कार्ड (एकेक आकडा दाखवणारे चौकोन) शेजारी-शेजारी ठेवा.

गेटवेवाला
शिळा डेटाही बघून घ्या. गेटवे कुणाच्या डेस्कवरच्या पीसीवर असेल तर पीसी स्लीपमध्ये गेला की रिफ्रेश (नवा डेटा आणणं) फेल. लागोपाठ चार फेल झाले की शेड्यूल आपोआप बंद पडतं, आणि निरोप जातो त्या डेटाची पॉवर बीआयमधली मालकी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मेलवर. तो माणूस नोकरी सोडून गेला असेल तर कुणालाच पत्ता लागत नाही. गेटवे कायम चालू राहणाऱ्या मशीनवर हलवा, फेल झाल्याची सूचना दोघा-तिघांना जाऊ द्या.

प्रोमध्ये दिवसाला ८ रिफ्रेश मिळतात. शिफ्ट ७, ३, ११ ला सुटत असेल तर तीन रिफ्रेश ७:३०, ३:३० आणि ११:३० ला लावा, उरलेले मधे. टाइमझोन मुंबईचा निवडायला विसरू नका. पानावर ‘शेवटचा रिफ्रेश’ आणि ‘शेवटची एंट्री’ या दोन्ही वेळा दाखवा. रिफ्रेश ७:३० चा आणि एंट्री पहाटे २ ची दिसली, तर खोळंबा डेटा भरण्यात आहे हे लगेच समजतं.

अंबड_एमआयएस
शेवटच्या एंट्रीचं लक्षातच आलं नव्हतं, घेतो. एक्सेलचं काय करू? एक्स्पोर्ट बंद करा असं सुचवलंय.

आकडेमोड
अजिबात बंद करू नका. एक्सेलमध्ये हात बसलेला माणूस एक्स्पोर्ट करतो तेव्हा तो आकडा तुमच्याच पॉवर बीआय मॉडेलचा असतो. एक्स्पोर्ट बंद केलंत तर तो ईआरपीतून कच्चा डेटा काढून स्वतःची बेरीज मांडेल, आणि मीटिंगमध्ये दोन आकडे भांडतील. उलट एक्सेल थेट मॉडेलला जोडणारं ‘ॲनालाइझ इन एक्सेल’ शिकवा: पिव्होट (सारांश तक्ता) त्याचा, मेजर (हिशेबाची सूत्रं) तुमचे. साध्या एक्स्पोर्टला एक्सएलएसएक्समध्ये १,५०,००० ओळींची मर्यादा आहे, सीएसव्हीत ३०,००० ची. मोठी फाइल अर्धवट येते आणि बेरीज चुकते, हे आधीच सांगून ठेवा.

रुपयांचे कार्ड मिलियनमध्ये असतील तर तेही बदला. मेजरला एक लाखाने भागून शीर्षकात ‘लाख रु.’ लिहा. मनात भागाकार करत बसायला शॉपफ्लोअरवर वेळ कुणाला आहे?

थर्ड_शिफ्ट
सुपरवायझरांसाठी फोन लेआउट वेगळा करावा लागतो, आपोआप नीट बसत नाही. त्यावर चारच गोष्टी ठेवा: लाइनचं टार्गेट, झालेले नग, स्क्रॅप, थांबलेली मिनिटं. बाकी सगळं ऑफिसच्या पानावर.

अंबड_एमआयएस
सुरुवात कुठून करू?

गेटवेवाला
एक लाइन घ्या. सात दिवस रजिस्टर आणि डॅशबोर्ड शेजारी ठेवून रोजचा फरक कारणासकट लिहा: तारीख, व्याख्या, उशिरा एंट्री, डबल एंट्री. हा कागद त्या लाइनच्या सुपरवायझरबरोबर बसूनच भरा. फरक शून्यावर आला की सकाळच्या मीटिंगमध्ये त्या लाइनचा आकडा फक्त स्क्रीनवरून वाचायचा, वहीतून नाही. मग दुसरी लाइन.