विषय: मंडळाच्या नव्या वेबसाइटसाठी होस्टिंग कुठलं?

प्रेषक: कार्यवाह, इंदूर

नमस्कार मंडळी,

नव्या वेबसाइटचं घोडं होस्टिंगवर, म्हणजे साइट कुणाच्या सर्व्हरवर ठेवायची यावर, अडलंय. वीसेक पानं, गेल्या तीन वर्षांचे फोटो आणि गणेशोत्सवातल्या स्पर्धांची नावनोंदणी, एवढंच हवंय. साइट बनवायला वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर ठरलंय. डॉट ऑर्ग डोमेन, म्हणजे साइटचं नाव, आपल्याकडे आधीपासून आहे आणि त्यावर मंडळाचे ईमेल चालू आहेत. एक कंपनी महिना ९९ रुपयांत ‘अनलिमिटेड’ देतेय, शिवाय डोमेनही त्यांच्याकडे हलवा म्हणते. शनिवारच्या बैठकीआधी कळवा.

प्रेषक: तांत्रिक समिती

ताई,

शेअर्ड होस्टिंग, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, पुरे. व्हीपीएसच्या, म्हणजे आपणच सांभाळायच्या स्वतंत्र आभासी सर्व्हरच्या, वाटेला जाऊ नका. त्याची सिस्टिम सतत अपडेट करत बसायला आपल्याकडे माणूस नाही.

आता ते ९९. असा भाव बहुतेक वेळा ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच मिळतो. म्हणजे ४,७५२ आणि वर १८ टक्के जीएसटी, झाले ५,६०७. नूतनीकरणाचा दर त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत असतो. तो समजा महिना ३९९ निघाला, तर पाचव्या एकट्या वर्षाचे करासकट ५,६५० होतात. आधीच्या चार वर्षांपेक्षा जास्त! तेव्हा कंपनीला पहिला प्रश्न ‘रिन्युअल कितीला?’ हाच.

‘अनलिमिटेड’ हे जागेपुरतं. फाइलींच्या संख्येवर मर्यादा असतेच, तिला इनोड लिमिट म्हणतात. फोनवरचा चार हजार पिक्सेल रुंदीचा एक फोटो वर्डप्रेसमध्ये चढवला की मूळ फाइल, तिची २५६० ची प्रत आणि शिवाय २०४८, १५३६, १०२४, ७६८, ३००, १५० अशा मिळून आठ फाइली होतात. थीमनं, म्हणजे साइटच्या तयार साच्यानं, स्वतःचे आकार घातले तर आणखी. ६०० फोटो म्हणजे ४,८०० फाइली. म्हणून फोटो आधी १६०० पिक्सेलवर आणा, मगच चढवा. मूळ फोटो हार्ड डिस्कवर राहू देत.

खरा घोळ नावनोंदणीच्या दिवशी होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पडते आणि सगळे एकदम ती दाबतात. शेअर्ड खात्यावर एका वेळी पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिच्या) किती विनंत्या चालतील याला मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी २० च्या आसपास. ती ओलांडली की ५०८ क्रमांकाची एरर येते आणि ‘साइट हॅक झाली’ अशी बोंब उठते. नुसती वाचायची पानं कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतीतून, देता येतात, पण भरून पाठवलेला फॉर्म कॅशमधून जात नाही. तेवढ्यासाठी महागडा प्लॅन नको. फॉर्म गूगल फॉर्म्सवर ठेवा आणि साइटवर त्याचा दुवा द्या.

ऑर्डर देताना डेटा सेंटरचा रकाना येतो, तिथे मुंबई निवडा. न बघता पुढे गेलात तर अमेरिका पदरात पडू शकते, आणि तिथे जाऊन यायला प्रत्येक विनंतीला २०० मिलिसेकंदांहून जास्त लागतात.

डोमेन मात्र हलवू नका. होस्टिंग आज ना उद्या बदलावं लागेल, तेव्हा डोमेन वेगळ्या दुकानात असलेलं बरं. आणि होस्टिंगवाले ‘आमचे नेमसर्व्हर टाका’ म्हणतील, तेही नको. डोमेनची साइट आणि ईमेल कुठे आहेत हे सांगणाऱ्या नोंदी म्हणजे डीएनएस, आणि त्या जिथे ठेवलेल्या असतात ते नेमसर्व्हर. नेमसर्व्हर बदलले की डीएनएसच्या सगळ्या नोंदी नव्या ठिकाणून वाचल्या जातात. तिथे आपली एमएक्स नोंद (ईमेल कुठे पोचवायचे ते सांगणारी) नसेल, तर साइट झकास उघडेल आणि ईमेल मात्र यायचे बंद होतील. आपल्याला फक्त ‘ए’ नोंद, म्हणजे साइट कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणारी, बदलायची आहे. आदल्या दिवशी तिचा टीटीएल (जुनी नोंद इतरांकडे किती वेळ धरून ठेवली जाते तो काळ) ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे काही चुकलं तर थोड्या मिनिटांत मागे फिरता येईल. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ची नोंद वेगळी असते, ती हमखास विसरली जाते.

एसएसएलचे, म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट असतं आणि मुदत संपायच्या आत आपोआप नवं होतं.

प्रेषक: कोषाध्यक्ष, रामबाग

माझं कार्ड लावून ऑटो-रिन्युअल चालू ठेवू का? दर वर्षी आठवण ठेवायला नको. आणि बॅकअप कंपनी घेते ना?

प्रेषक: तांत्रिक समिती

काका,

ऑटो-रिन्युअलवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरच्या अशा वजावटीला आधी ई-मँडेट, म्हणजे कार्डधारकाची ऑनलाइन संमती, नोंदवावं लागतं. परदेशी कंपनीकडे ती सोय नसली की बँक वजावट नाकारते, आणि त्याचा ईमेल स्पॅममध्ये जाऊन पडतो. डॉट ऑर्गची मुदत उलटली की आधी रजिस्ट्रारची (डोमेन विकणाऱ्या कंपनीची) सवलतीची मुदत, मग ३० दिवस रिडेम्प्शन. त्या काळात सोडवायचं तर नेहमीच्या कितीतरी पट पैसे. त्यानंतर ५ दिवसांनी डोमेन कोणालाही मोकळं. त्यापेक्षा डोमेन एकदम पाच वर्षांसाठी भरून टाका. खातं कोणा एकाच्या जीमेलवर नको, आणि मंडळाच्या याच डोमेनच्या ईमेलवर तर अजिबात नको. डोमेन बंद पडलं की पासवर्ड बदलायचा ईमेलही येणार नाही. पदाधिकाऱ्यांसाठी वेगळं जीमेल काढा आणि त्याची चावी दोघांकडे ठेवा.

कंपनीचा बॅकअप त्यांच्या सोयीसाठी असतो, परत मिळवायला काही जण पैसे घेतात. आपला वेगळा काढा, आठवड्यातून एकदा, थेट गूगल ड्राइव्हवर. त्याच सर्व्हरवर ठेवलात तर तो इनोडही खातो आणि सर्व्हरबरोबरच जातो. बॅकअप एकदा दुसरीकडे उतरवून बघा. मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर तिथला डेटाबेस लॅटिन१ मध्ये, म्हणजे देवनागरी न मावणाऱ्या अक्षरसंचात, बनलाय. तो यूटीएफ८एमबी४ मध्ये (यात देवनागरी मावते) नव्यानं बनवून मूळ बॅकअप पुन्हा चढवा. प्रश्नचिन्हं झालेली अक्षरं मागाहून सुधारता येत नाहीत.

प्रेषक: सदस्य, पलासिया

एक पुरवणी. लेखांचं शीर्षक मराठीत खुशाल द्या, पण पानाचा पत्ता रोमन अक्षरांत स्वतः टाइप करा. पत्त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, नऊ अक्षरांचं होतं, आणि वर्डप्रेस तो २०० अक्षरांवर कापतं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘गणेशोत्सव वक्तृत्व स्पर्धा निकाल’ एवढं मोठं शीर्षक ‘स्पर्धा’ हा शब्दही पुरा होण्याआधी तुटतं, आणि पुढच्या वर्षी तेच शीर्षक दिलं की पत्त्याच्या शेवटी नुसता २ चा आकडा चिकटतो.