मदत हवी आहे: बुलेट ३५० (कास्ट आयर्न) गरम झाली की बंद, थंड झाली की सुरू

नमस्कार मंडळी,

इंदूरला सुदामा नगरात आमच्याकडे काकांची १९८६ ची बुलेट आहे. जुनं कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), उजव्या पायाला गिअर. १२ व्होल्टची वायरिंग काकांनी फार पूर्वीच करून घेतली होती. गुडघ्यांमुळे त्यांना किक मारणं जमेनासं झालं तेव्हापासून गाडी मी चालवते आणि तिचं सगळं घरीच, अंगणात करते. काका खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात, "हवेचा स्क्रू अर्धा आटा बाहेर घे." घेतला की इंजिन खरंच सुधारतं. गाडी विकायचा विषय आमच्याकडे निघत नाही, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

त्रास असा आहे. सकाळी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, आयडलिंग छान, ठोके मोकळे. पंधरा-वीस मिनिटं चालली की बिघडते. खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे चढ लागला की हमखास, आणि ए. बी. रोडच्या गर्दीत अडकलं तरी तेच. आधी एखादा ठोका चुकतो, मग सायलेन्सरमधून फट्‌कन आवाज येतो आणि गाडी बंद. त्यानंतर कितीही किक मारा, दाद देत नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की निमूट सुरू होते.

काय काय करून झालं ते सांगते. प्लग नवा टाकला. पॉइंट पॉलिश पेपरने साफ करून फिलर गेजने ०.३८ मिमी गॅप ठेवला. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडचा सैलपणा) थंड इंजिनवर, पिस्टन वर आणून, दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरतील पण वरखाली हलणार नाहीत असे लावले. कार्बोरेटर पूर्ण खोलून धुतला. पेट्रोलच्या कॉकची जाळी काढली तर तिच्यात लालसर गंजाची पूड होती, ती साफ केली. पेट्रोलची रबरी नळी बोटांत दाबली की चिरा दिसत होत्या, म्हणून तीही बदलली. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांची रबरं त्यात लवकर खराब होतात, एवढं माहीत आहे. इथेनॉल हवेतली ओलही धरतं, म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेलीच ठेवते.

एका गॅरेजमध्ये झाकणसुद्धा न उघडता "कार्बोरेटर गेला, नवा टाका" असं सांगितलं. दुसरीकडे म्हणाले, पॉइंट काढून टाका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून देतो. मला पॉइंट ठेवायचे आहेत. घाटात बिघडले तर एक स्क्रूड्रायव्हर आणि कागदाची घडी घेऊन मी ते रस्त्याच्या कडेला सुधारू शकते. बंद पेटी बिघडली तर काय करणार?

माझा प्रश्न एवढाच की पेट्रोल जातंय की स्पार्क, हे घरच्या हत्यारांनी पक्कं कसं ठरवायचं? अंदाजाने एकेक पार्ट बदलत जायचं नाही. माझ्याकडे मल्टिमीटर आहे.

प्रतिसाद १

ताई, तपासणी बंद पडल्या क्षणीच करायची, थंड झाल्यावर काही सापडत नाही. जुना चालू प्लग खिशात ठेवा. गाडी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'स्स' आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलंय. टाकीत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल उतरत नाही. आवाज नसेल तर कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धार पाहा. धार सलग पडली तर पेट्रोलचा विषय मिटला. मग नळी परत लावा, कॉक बंद करा, टाकीचं झाकणही बंद. हे सगळं झाल्यावरच खिशातला प्लग कॅपला लावून हेडच्या फिन्सवर टेकवा आणि किक मारा. सांडलेलं पेट्रोल वाळू द्या, ठिणगी आणि वाफ एकत्र यायला नको.

प्रतिसाद २

वरचं बरोबर आहे, फक्त त्यात अमीटरची (करंट दाखवणाऱ्या काट्याची) तपासणी जोडतो. तुमच्या हेडलाइटवरच्या डब्यात अमीटर असेल. चावी चालू करून किक सावकाश दाबा. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. गाडी बंद पडल्यावर काटा असाच हलत असेल तर बॅटरी, चावी, कॉइलची प्रायमरी (बॅटरीकडची गुंडाळी) आणि पॉइंट हे सगळं जोडलेलं आहे. काटा हललाच नाही तर कुठेतरी तार तुटलीय किंवा पॉइंट घाण झालेत. काटा मायनसला चिकटून राहिला तर पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर कंडेन्सर आतून शॉर्ट झालाय.

काटा नीट हलतो आणि तरी प्लगवर ठिणगी पिवळट, मरतुकडी असेल तर डिस्ट्रिब्यूटरची (पॉइंट आणि कंडेन्सर ज्यात बसतात त्या डब्याची) टोपी काढा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगून पॉइंटकडे बघा. तिथे मोठ्या निळ्या ठिणग्या उडत असतील तर कंडेन्सर गेला. पॉइंट उघडताना तो करंट झेलतो, म्हणून कॉइलमधला करंट झटकन तुटतो आणि प्लगला जोराचा स्पार्क मिळतो. कंडेन्सर मेला की तो करंट पॉइंटवरच जळतो. पॉइंट साफ करूनही पुन्हा पुन्हा काळे पडत असतील तर तीही त्याचीच खूण. कास्ट आयर्न बुलेटमध्ये डिस्ट्रिब्यूटर सिलिंडरच्या पाठीला आहे. कंडेन्सर तिथे भाजत राहतो, म्हणून गरम झाल्यावरच दगा देतो.

पॉइंटवर ठिणग्या नसतील तर कॉइल मोजा. १२ व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी साधारण ३ ते ४ ओम येते. थंड असताना आणि बंद पडल्यावर लगेच, दोन्ही वेळा मोजा. आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून उभं राहू नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल उगाच तापते.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. आज काकांना शेजारच्या मुलाच्या स्कूटरवर बसवून सोबत नेलं आणि सिमरोलच्या चढावर गाडी बंद पडायची वाट पाहिली. पडली. झाकणाला आवाज नाही, नळीतून धार सलग. काटा व्यवस्थित हलत होता. प्लगवर ठिणगी होती, पण दिवसा दिसेल न दिसेल इतकी. मग टोपी काढली, त्या मुलाने किक मारली, आणि काका वाकून बघत म्हणाले, "हे बघ, इथे जळतंय." पॉइंटच्या मध्ये टपोरी निळी ठिणगी होती. आठवड्यापूर्वी साफ केलेल्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळही आलं होतं.

नवा कंडेन्सर आणला, तो मीटरवर ०.२२ मायक्रोफॅरड दाखवतो. जुनाही थंड असताना जवळपास तेवढंच दाखवतो, म्हणून तो आधी पकडला गेला नसता. आता विचारायचं असं की नवाही त्याच भट्टीत बसवायचा का? आणि एक्झॉस्टचा टॅपेट गरम झाल्यावर आवळतो असं काका म्हणतात, तर तो सैल ठेवू का?

प्रतिसाद २

कंडेन्सर बाहेर काढा. त्याचं एक टोक पॉइंटच्या तारेला आणि अंग अर्थिंगला, एवढंच लागतं, जागा कुठलीही चालते. टाकीखाली कॉइलच्या शेजारी बसवा. खालचा रंग खरवडून उघड्या धातूवर आवळा, नाहीतर अर्थ मिळणार नाही. जुना डिस्ट्रिब्यूटरमधून सोडवून टाका, दोन्ही एकत्र ठेवू नका. खड्डा पडलेले पॉइंट घासत बसू नका, नवी जोडी टाका आणि गॅप पुन्हा मोजा. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, तेही एकदा तपासा.

टॅपेटबद्दल काकांचं बरोबर आहे. एक्झॉस्टचा पुशरॉड किंचित, जाणवेल न जाणवेल इतका सैल ठेवा. थोडी टिकटिक ऐकू आली तरी चालेल, पण आवळलेला राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

धागालेखिका

कंडेन्सर कॉइलशेजारी बसवला, पॉइंट नवे टाकले, गॅप ०.३८. आज खंडवा रोडवरचा भेरूघाट उतरून पुन्हा चढून आले, मध्ये कुठेही ठोका चुकला नाही. एक जादा कंडेन्सर टूलबॉक्समध्ये ठेवलाय. एक्झॉस्टचा टॅपेट उद्या सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, काकांसमोर लावते.