मिलेटस बंदर होतं ना? मग समुद्र कुठाय?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आईला घेऊन तुर्कस्तानला चाललोय, मुक्काम कुशादासीला. एफेसस होणारच, पण एक दिवस उरतोय. ग्रीक तत्त्वज्ञ थेलीसचं गाव म्हणून मिलेटस बघावंसं वाटतं. चार बंदरं होती म्हणे तिथे, पण नकाशात किनारा कितीतरी किलोमीटर लांब दिसतो! माझंच काही चुकतंय का? आणि सत्तरीच्या आईला झेपेल?

ओसरीवरून
नकाशाही बरोबर आणि वाचलंत तेही बरोबर. मधला समुद्र नदीने बुजवला. बुयुक मेंडेरेस, म्हणजे ग्रीकांची मेआंड्रॉस, शतकानुशतकं गाळ आणत राहिली. इथल्या आखाताचा एक तुकडा आत अडकला, तोच आजचा बाफा तलाव.

नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्यांवरून पश्चिमेला बघा. सपाट शेतं आणि त्यात एक टेकाड. ते लादे बेट! इ.स.पू. 494 मध्ये तिथे आयोनियन ग्रीकांची 353 जहाजं (आकडा ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा) इराण्यांशी लढून हरली. मी गेलो तेव्हा त्या बाजूला ट्रॅक्टर चालला होता. मिलेटस पडलं, त्यावर फ्रिनिखसने अथेन्सात नाटक केलं, प्रेक्षक रडरड रडले आणि दंड कोणाला? नाटककारालाच, 1000 द्राख्मा.

सिंहांच्या बंदराच्या तोंडाशी संगमरवरी सिंह आहेत. मी मार्चमध्ये हौसेने उतरलो आणि एक बूट चिखलात ठेवून आलो. बेडकं मात्र खूश होती.

रोमन सम्राज्ञी फाउस्टिनाचं स्नानगृह चुकवू नका. तिथे थंड हौदाच्या काठी नदीदेव लोडाला टेकल्यासारखा कोपरावर रेललाय (ग्रीकांच्या नद्या बाप्ये असतात). ज्याने बंदर गिळलं, त्याचीच अशी बडदास्त!

स्प्रेकाठचा
बाजाराचा दरवाजा तिथे शोधत बसू नका, तो आमच्या बर्लिनला आलाय. भूकंपात कोसळला होता. जर्मन उत्खननात तुकडे सापडले, ते 1907-08 च्या सुमारास इकडे आणले आणि 1920 च्या दशकात जोडले. सुमारे 29 मीटर रुंद, 17 मीटर उंच. सध्या तो ठेवलेलं पेर्गामॉन संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद, म्हणजे दोन्हीकडे हात हलवत परत.

पाऊलवाट
धन्यवाद! बुटांचं लक्षात ठेवतो. आईचं काय?

ओसरीवरून
नाट्यगृह गाडीतळाला लागूनच आहे. वर चढवू नका, खालच्या रांगांत बसवा. पाचव्या रांगेत दगडावर ग्रीक अक्षरं कोरलीत, ही ज्यूंची जागा म्हणून. आमच्या हिने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘रिझर्व्हेशन!’ सावली जवळजवळ नाही, तेव्हा सकाळी आठ-नऊलाच पोचा, छत्री घ्या. तिथून दिदिमाचं अपोलोचं देऊळ गाडीने अर्ध्या तासावर. जेवण तिकडेच करा.